शाळा सुटल्यावरचा निसर्ग-तास : कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात

शहरातल्या मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की पहिली सूचना येते सहलीची. बस ठरते, डबे येतात, अभयारण्याच्या फाटकावर फोटो निघतात आणि मुलं परततात ती बसमधल्या अंताक्षरीच्या आठवणी घेऊन. सहल काढायला हरकत नाही, पण सगळं शिक्षण तिच्यावर टांगू नका. नऊ ते तेरा वयाच्या मुलाला एखादी गोष्ट बदलताना दिसायला हवी, आणि बदल दिसायचा तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यासाठी जंगल लागत नाही. फरशी घातलेलं आवार, कोपऱ्यात एखादा गुलमोहर, कुंपणाच्या भिंतीलगत दोन फुटांची मातीची पट्टी आणि तीन-चार कुंड्या एवढ्यावर जून ते मार्च अख्खं वर्ष निघतं. पुढची मांडणी पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतल्या चौथी ते सातवीच्या वीस मुलांच्या गटासाठी आहे.

जागा, वेळ, माणसं

जागा वर्गापासून पाच मिनिटांत पोचता येईल अशीच घ्या. पंधरा मिनिटांवरची बाग कितीही सुंदर असली तरी रस्ता ओलांडणं, रांग लावणं, परत आणणं यात तास संपतो. वीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच. त्यातलं एक समोर शिकवणारं आणि दुसरं फक्त मुलांवर नजर ठेवणारं. चार-चारचे पाच गट पाडा आणि ते निदान दिवाळीपर्यंत मोडू नका.

तास सव्वा तासाचा ठेवा. त्यातली पहिली दहा मिनिटं खाण्याची. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात की पुढचा सगळा तास जातो, कारण दुपारपासून उपाशी असलेलं मूल मुंगीकडे बघत नाही. केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की पुरते. मग पंचेचाळीस मिनिटं बाहेर आणि शेवटची वीस मिनिटं वहीला. जूनमध्ये सातनंतरही उजेड असतो, पण डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडाखाली त्याआधीच अंधारतं. त्यामुळे साडेपाचचा तास दिवाळीनंतर अलीकडे ओढा, नाहीतर शनिवारी सकाळी घ्या.

सामान फारसं लागत नाही. प्रत्येक गटाला एक हातातलं भिंग, पाच-साडेपाच मीटर सुतळी, एक पांढरा रुमाल, पट्टी, शिवणकामाची टेप, जुना मऊ ब्रश आणि झाकणाला बारीक भोकं पाडलेली पारदर्शक डबी. भिंग मुलाच्या हातात दिलं की ते हात लांब करून बघतं आणि सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची, हे पहिल्याच दिवशी बोटाच्या ठशावर करून घ्या. ऊन असेल तर भिंगातून वर बघायचं नाही, हेही तेव्हाच ठणकावून सांगा.

सुतळीचा चौकोन

पहिल्या दोन तासांना दुसरं काही करू नका. प्रत्येक गटाने मातीच्या पट्टीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा. जागा अरुंद असेल तर दोन मीटर बाय अर्धा मीटर. कोपऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या रोवा आणि सुतळी जमिनीपासून बोटभर वर ठेवा. कमरेएवढी उंच बांधली तर कोणीतरी अडखळून पडतंच.

पहिली दहा मिनिटं हात मागे बांधून फक्त बघायचं. नंतर ब्रशने पालापाचोळा बाजूला सारायचा. जूनच्या शेवटी त्या चौकोनात टाकळा, केना, आघाडा, दूर्वा, गाजरगवत यांची रोपं सापडतील. सोबत गांडुळाच्या मातीच्या गोळ्या, गोगलगाय आणि डिवचलं की गुंडाळी करणारा वाणी असेल. नावं लगेच सांगू नका. ही सगळ्यात अवघड सूचना आहे, कारण आपल्याला नाव सांगायची घाई असते आणि नाव मिळालं की मुलाचं बघणं थांबतं. त्याऐवजी गटाला नाव ठेवू द्या. ‘चिकट-गोल-पान’ असं नाव ठेवणाऱ्या मुलीने पान चिकट आहे आणि गोल आहे हे पाहिलेलं असतं. खरं नाव पुढच्या आठवड्यात, आणि तेही शक्यतो तिच्या आजीकडून येऊ द्या. महापालिकेच्या शाळेत मराठवाडा, कोकण, कर्नाटक, उत्तर प्रदेश अशा ठिकठिकाणची घरं असतात. एकाच टाकळ्याची चार नावं फळ्यावर आली की तास आपोआप रंगतो.

सफाई कामगारांना आधी सांगून ठेवा. पाचपैकी तीन चौकोन पहिल्याच आठवड्यात झाडूने किंवा गवतकापणीने नाहीसे होतात. यात त्यांची चूक नसते, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. भिंतीवर मुलांनीच रंगवलेली पाटी लावा आणि मावशींना किंवा काकांना एकदा चौकोन दाखवायला बोलवा. पुढे कापणीच्या आधी तेच विचारायला येतात.

कढीपत्त्यावरची अळी

पावसाळ्यातलं मुख्य काम हे. कढीपत्ता, लिंबू, बेल या एकाच कुळातल्या झाडांवर लाइम आणि कॉमन मॉर्मॉन ही दोन फुलपाखरं अंडी घालतात आणि दोन्ही भर शहरात येतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉर्मॉनही याच कुळावर वाढतं. परिसरात झाडी दाट असेल तर तेही उतरेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण चार-पाच आठवडे जातात, म्हणजे आठवड्याला एक तास घेतला तरी सगळ्या अवस्था मुलांच्या डोळ्यांसमोरून जातात.

बहुतेक ‘फुलपाखरू उद्यानं’ फसतात ती याच जागी. झेंडू, पेंटास, इक्झोरा लावतात. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात, कारण अळीला खायला त्यांपैकी काही चालत नाही. मादी पानावर बसून पायांनी चव घेते आणि पटलं तरच अंडं घालते. म्हणून आधी अळीच्या खाण्याचं झाड, फुलं नंतर.

कढीपत्त्याची दोन-तीन फुटांची तीन रोपं आणा. बारा इंची कुंडी, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. दिवसाचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असण्याची शक्यता बरीच असते आणि काही औषधं झाडाच्या आतही मुरतात. नुसतं धुऊन भागत नाही. जुनी पानं छाटा, पाच-सहा आठवडे थांबा आणि नव्या पालवीवरच अळ्या येऊ द्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून रोपं एप्रिलमध्येच आणलेली बरी. बाजारातली कढीपत्त्याची जुडी अळीला कधीही घालू नका. अळ्या एका रात्रीत काळ्या पडून मरतात त्याचं पहिलं कारण बहुधा हेच असतं.

अंडं कोवळ्या पानावर एकेकटं असतं, फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षाही लहान. मुलांना शोधायला लावा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. तीन-पाच दिवसांत अंडं गडद होतं आणि तीनेक मिलिमीटरची अळी बाहेर येते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. मुलं ‘ई!’ म्हणतील. पक्षीही बहुधा तसंच समजतो, एवढंच सांगा. कात टाकत टाकत ती पाचव्या अवस्थेत हिरवीगार होते आणि साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. ब्रशने हलकेच डोक्यामागे स्पर्श केला तर तिथून तांबूस रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलाला त्याने इजा होत नाही, पण अळीची शक्ती खर्च होते. म्हणून हा प्रयोग गटाला एकदाच.

अळ्या ठेवायच्या कुठे? शाळांमधून बरणी वापरायची पद्धत आहे, आणि ती वाईट आहे. काचेच्या बंद बरणीत पानांची वाफ धरते, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी सडते. शिवाय शनिवार-रविवारी पानं कोण बदलणार? सोपा मार्ग म्हणजे अळी कुंडीतल्या झाडावरच राहू द्यायची आणि झाडावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवायची. पिशवी इतकी सैल की कापड पानांना चिकटणार नाही, आतून दोन वाकवलेल्या तारांचा आधार आणि खाली कुंडीच्या काठाला नाडी. एका कुंडीत दोन, फार तर तीन अळ्या. शेवटच्या आठवड्यात एकेक अळी झाडाची डहाळीच्या डहाळी फस्त करते. सात अळ्या ठेवलेल्या कुंडीत शुक्रवारी हिरवं झाड असतं आणि सोमवारी नुसत्या काड्या.

मुंग्या हा दुसरा शत्रू. कुंडी तीन विटकरीच्या तुकड्यांवर ठेवून तुकडे पाण्याच्या ताटलीत उभे करा. पण त्या ताटलीत डास होतात. दर तीन दिवसांनी पाणी ओतून ताटली घासायची, कारण डासांची अंडी काठाला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी बदलून जात नाहीत. ही पाळी गटांमध्ये लावून द्या. पावसात कुंडी पागोळ्यांखाली नको.

जवळून बघण्यासाठी एखादी अळी वर्गात आणायचीच असेल तर एका बाजूला जाळी लावलेलं, चाळीस सेंटिमीटर उंचीचं खोकं करा. डहाळी लहान बाटलीतल्या पाण्यात खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने किंवा फॉइलने घट्ट बुजवा. उघडं राहिलं तर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. खाली कोरा कागद पसरा. रोजच्या लेंड्या मोजून आणि मापून ठेवल्या तर अळीची वाढ त्यांच्यावरूनही कळते. पाचवीच्या मुलांना हे काम विलक्षण आवडतं.

मध्येच एखादा दिवस अळी खात नाही, हलत नाही. ‘मेली’ म्हणून मुलं तिला उचलतात आणि तेव्हाच खरी मरायची वेळ येते. ती कात टाकण्याच्या तयारीत असते, पायांनी रेशमाला घट्ट धरलेलं असतं. हात लावायचा नाही. कोष करण्याआधीही ती खाणं सोडते, ओली लेंडी टाकते आणि जागा शोधत भटकते. मग कमरेभोवती रेशमाचा एक दोर बांधून टेकून बसते. कोष हिरवा होतो किंवा तपकिरी. हिरव्या गुळगुळीत काडीवर बहुधा हिरवा, खडबडीत सालीवर किंवा पुठ्ठ्यावर बहुधा तपकिरी. दोन्ही प्रकारच्या काड्या ठेवून मुलांना आधी अंदाज लिहायला लावा.

कोष खाली पडला तर घाबरू नका. खडबडीत कागदाचा कोन करा, कोष डोकं वर ठेवून त्यात अलगद बसवा आणि कोन खोक्याच्या उभ्या बाजूला चिकटवा. फुलपाखराला बाहेर आल्यावर धरून चढायला आणि पंख खाली लोंबवायला जागा लागते. ती न मिळाल्यास पंख मुडपलेले वाळतात आणि ते पुढे सरळ होत नाहीत.

आठ-बारा दिवसांनी कोष काळपट होतो, आतले पंख दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी, बहुतेक वेळा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं. म्हणजे नेमका हा क्षण शाळा सुटल्यानंतरच्या तासात सापडत नाही. कोष काळा पडल्याचं दिसताच वर्गशिक्षकांना निरोप द्या आणि पहिल्या तासाला गटाला दहा मिनिटं सोडायला सांगा. बाहेर आल्यावर फुलपाखरू तांबूस पाणी टाकतं. ते रक्त नव्हे, कोषातला टाकाऊ पदार्थ, हे आधीच सांगून ठेवलं नाही तर रडारड होते. दोन-तीन तासांत पंख वाळतात, मग सोडून द्या. जोराचा पाऊस असेल तर खोक्यातच ठेवून दुसऱ्या सकाळी सोडलं तरी चालतं.

आणि कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. बाजूला टाचणीएवढं भोक पडतं आणि गांधीलमाशीच्या जातीच्या इवल्याशा माश्या बाहेर येतात, किंवा अळीच्या अंगातून मोठ्या माशीच्या अळ्या निघतात. हे मुलांपासून लपवून कोष कचऱ्यात टाकणारे शिक्षक पुष्कळ. तसं करू नका. त्या माश्या नसत्या तर शेतातल्या पिकांवरच्या अळ्या कोणी आटोक्यात ठेवल्या असत्या, हा प्रश्न त्या दिवशी जितका पोचतो तितका पुस्तकातून कधीच पोचत नाही.

पाऊस ओसरल्यावर

सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत छत्रीचा खेळ घ्या. फिक्या रंगाची जुनी छत्री उलटी करून फांदीखाली धरायची आणि फांदीला काठीने तीन टप्पे मारायचे. कोळी, ढेकण्या, भुंगे, नाकतोड्यांची पिल्लं छत्रीत पडतात. पाच मिनिटं बघायचं, पाय मोजायचे (सहा की आठ?), आणि त्याच झाडाखाली छत्री रिकामी करायची. ओल्या फांदीवर हा खेळ फुकट जातो, छत्रीत पाणीच जास्त पडतं.

ऑक्टोबरच्या उन्हात मुंग्या. बाटलीची चार झाकणं एकेका विताच्या अंतरावर ठेवा. एकात साखरपाण्याचा कापूस, एकात तेलाचे दोन थेंब, एकात बेसन, एकात नुसतं पाणी. दर पाच मिनिटांनी अर्धा तास मुंग्या मोजा. पहिल्या पंधरा मिनिटांत काहीच होत नाही आणि मुलं कंटाळतात, मग अचानक एका झाकणाकडे रांग लागते. रांग पक्की झाली की तिच्यावरून बोट आडवं घासायला सांगा. मुंग्या तिथे येऊन घुटमळतात, कारण त्यांनी जमिनीवर सोडलेला वासाचा माग पुसला गेलेला असतो. झाकणं कावळे आणि मांजरं पळवतात, एक मूल राखणीला लागतं. भर दुपारच्या तापलेल्या फरशीवर हा प्रयोग करू नका, मुंग्या येतच नाहीत.

झाडाची वही मात्र जूनपासूनच सुरू करा आणि मार्चपर्यंत सोडू नका. गटाला एक झाड द्या. दर आठवड्याला त्याची कोवळी पानं, पिकली पानं, कळ्या, फुलं, फळं ‘नाही, थोडी, खूप’ यांपैकी काय ते लिहायचं. ‘सीझनवॉच’ या देशभर चालणाऱ्या नोंदणी प्रकल्पात शाळाही भाग घेतात आणि तिथेही असंच लिहितात. झाडाच्या एक तृतीयांश भागापर्यंत असेल तर थोडी, त्याहून जास्त तर खूप. झाड निवडताना वर्षभर एकसारखं हिरवं दिसणारं निवडू नका. पिंपळ, बहावा, काटेसावर, पांगारा, करंज यांपैकी काही मिळालं तर उत्तम. काटेसावर आणि पांगारा पानं गाळून फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि करंज मार्च-एप्रिलमध्ये पोपटी होतो. हे सगळं वार्षिक परीक्षेच्या आसपास येतं, त्यामुळे तेव्हा तास बंद केलात तर वर्षभराची वही शेवटाविना राहते. परीक्षेच्या काळात पंधरा मिनिटांची नोंद तरी चालू ठेवा.

खोडाचा घेर जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंचीवर मोजा. तिथे खडूने बारीक खूण करा, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो आणि झाड ‘बारीक झालं’ असं वहीत दिसतं. सहावी-सातवीला उंचीही काढता येते. हात सरळ पुढे करून काठी उभी धरायची. मुठीच्या वरचा काठीचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा हवा. मग मूठ खोडाच्या तळाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे चालायचं. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट हवी. मागे चालणाऱ्या मुलाच्या पाठीमागे दुसरं मूल उभं करा, गटार आणि पायऱ्या तिकडेच असतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. एका जागी पंधरा मिनिटं उभं राहून पक्षी मोजायचे एवढंच. शहरी शाळेत कावळा, कबूतर, साळुंकी, घार, पोपट, बुलबुल, शिंजीर, दयाळ एवढे तर सहज भेटतात. ‘आमच्याकडे फक्त कबुतरं’ असं वाटणाऱ्या शाळेनेही एकदा मोजून पाहावं.

जपायच्या गोष्टी

शेवग्यावरच्या केसाळ अळ्यांचे घोळके, खाजकुइलीच्या वाळक्या शेंगा, रुईचा चीक आणि गाजरगवत यांना हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. दगड उलटायचा तर काठीने आणि आपल्याकडे ओढून, म्हणजे खाली काही असलं तर मध्ये दगडाची आड राहते. बघून झाल्यावर दगड जसा होता तसा ठेवायचा. साप दिसला तर सगळे मागे, एक मोठा माणूस लांबून नजर ठेवून आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. इमारतीला आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला तास घेऊच नका, ‘लांबून बघू’ म्हणूनही नाही. मुंबईसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, पायाला जखम असलेलं मूल डबक्यात उतरता कामा नये. घरटी आणि अंडी यांना हात लावायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. मुलांना हे नियम म्हणून सांगितलं तरी पुरतं, लांब भाषण नको. तास संपल्यावर साबणाने हात, प्रत्येकाचे, तुमच्या डोळ्यांदेखत. पालकांच्या संमतिपत्रात कशाची ॲलर्जी आहे का, हा प्रश्न वेगळ्या ओळीत विचारा.

वही

कोऱ्या पानांची वही घ्या, रेघांच्या वहीत मुलं चित्र काढत नाहीत. आठवड्याला एक पान. वर तारीख, वेळ, हवा. खाली मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. ‘अळी पानाच्या कडेवर होती’ हे डावीकडे, ‘अळीला कडा आवडते’ हे उजवीकडे. सुरुवातीचे दोन महिने मुलं सगळं उजवीकडचं डावीकडे लिहितात. खोडून लाल शेरे मारू नका, ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढंच विचारा. चित्राला गुण देऊ नका आणि सुंदर चित्रं काढणाऱ्या दोघा-तिघांच्याच वह्या प्रदर्शनाला लावू नका. बाकीची सतरा मुलं त्याच दिवशी चित्र काढायचं सोडतात.

दिवाळीच्या सुट्टीत कुंड्या कोणाकडे जाणार हे सुट्टीच्या पंधरा दिवस आधी ठरवा. जवळ राहणारी तीन घरं, प्रत्येकी एक कुंडी आणि सोबत चिठ्ठी: माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी झाली की तांब्याभर पाणी, एरवी नाही. सुट्टीत कढीपत्ता मरतो तो बहुधा उन्हाने नव्हे, घरातल्या तिघांनी रोज प्रेमाने घातलेल्या पाण्याने. आणि आईला सांगून ठेवायचं, फोडणीसाठी या कुंडीची पानं तोडायची नाहीत.